हात हलतो की चाक

अमरावती, १२ नोव्हेंबर २०२४

खुशालराव यांस मनकर्णाचा जयभीम.

तुम्ही फोन उचलत नाही. मैनाबाई उचलतात, "दादा वावरात गेला" म्हणतात, आणि मागून तुमचा खोकला ऐकू येतो. बहिणीला या वयात खोटं बोलायला लावू नका. म्हणून पत्र लिहिते आहे. हिवरखेडचा पोस्टमन ते चार लोकांसमोर हातात देईल, तेव्हा तुम्हाला घ्यावंच लागेल.

सोयाबीन काढायला म्हणून गावी गेलात. सोयाबीन निघालं, विकलं गेलं, आता हरभराही पेरून झाला असेल. याल तेव्हा या. मी विचारत नाही.

मी फक्त कार शिकते म्हटलं होतं. तुम्ही दुसऱ्याच दिवशी कार अकोल्याला नेऊन धाकट्या भावाच्या, देवराव भाऊजींच्या, दारात उभी केली. वर त्यांच्या घरी पंगतीत सगळ्यांसमोर म्हणालात, "हिचे हात कापतात आता. स्टेअरिंग देऊन मानसं मारतो का?" जन्मभर एसटी चालवलेला माणूस, त्यामुळे गाडीच्या बाबतीत तुमचा शब्द शेवटचा. सगळे माझ्या हातांकडे बघायला लागले. मी वाढत होते, खुशालराव. वरणाचं भांडं माझ्याच हातात होतं आणि एक थेंबही सांडला नव्हता.

ज्या हातांनी मी ऑपरेशन थिएटरमध्ये डॉक्टरांना सुई-दोरा दिला, त्या हातांबद्दल तुम्ही बोललात.

असो. बातमी अशी की माझ्याकडे आता गाडी आहे. भाचा नितेश जर्मनीला जाताना एक पेटी ठेवून गेला होता, "मावशी, वाटेल त्याला देऊन टाक" म्हणून. ती परवा उघडली. आत रिमोटवर चालणारा ट्रक. हातभर लांब, मोठे रबरी टायर, चारही चाकं ओढतात. पळत नाही, मुंगीसारखा दगडावर चढतो. याला क्रॉलर म्हणतात. रिमोटला पिस्तुलासारखा घोडा आहे आणि बाजूला छोटं चाक. घोडा दाबला की पुढे जातो, चाक फिरवलं की वळतो. बॅटरी चार्ज केली आणि अंगणातल्या धुण्याच्या दगडावर चढवला. तिसऱ्या प्रयत्नात वर गेला. मी एकटीच टाळ्या वाजवल्या. शेजारची आकांक्षा भिंतीवरून डोकावली आणि म्हणाली, "काकू, हे काय करून राहिल्या?"

म्हटलं, "ड्रायव्हिंग."

मनकर्णा


अमरावती, २ डिसेंबर २०२४

खुशालराव,

मागच्या पत्राला उत्तर नाही. पोचलं एवढं मैनाबाईंनी सांगितलं. दोनदा वाचलंत, हेही सांगितलं.

आकांक्षा इंजिनीअरिंगला आहे. तिनेच शोधून काढलं की इथे क्रॉलर चालवणाऱ्यांचा एक ग्रुप आहे आणि दर रविवारी सकाळी ते छत्री तलावामागच्या टेकडीवर जमतात. मला स्कूटीवर घेऊन गेली. सगळी पोरं तिशीच्या आतली. त्यांचा पुढारी ललित, बँकेत आहे, मागच्या वर्षी अकोल्याच्या स्पर्धेत पहिला आला होता. सगळे नीट बोलले. चहा दिला, बसायला घडीची खुर्ची दिली. खुर्ची देताना माणूस तुम्हाला बसवूनच टाकतो, ते जरा खटकलं.

मग माझी पाळी आली. दगडांमध्ये दोन-दोन खांब रोवलेले असतात, त्याला गेट म्हणतात. खांबाला न लागता मधून गाडी काढायची. मी सरळ धरते आणि गाडी डावीकडे जाते. उजवीकडे वळवते तर आधी काहीच होत नाही, मग एकदम जास्त वळते. पहिल्या गेटला खांब पाडला. दुसऱ्याला गाडीच खाली गडगडली. तिसऱ्याला मीच नको म्हटलं.

ललित जवळ आला. पोरगं वाईट नाही. हळू आवाजात म्हणाला, "काकू, असू द्या. वयाचं थोडं असतेच. हात जरासा हलला का गाडी लगेच दाखवते."

तुमचंच वाक्य, खुशालराव, दुसऱ्याच्या तोंडून.

घरी आल्यावर पाण्याने काठोकाठ भरलेला पेला हातात धरून उभी राहिले. पाणी हललं. मग वाटलं, श्वासाने हललं असेल. श्वास रोखला. तरी हललं असं वाटलं. मी बघत होते म्हणून हललं की खरंच हललं, ते कळेना. माझ्या आईचे हात शेवटी कसे झाले होते ते तुम्ही पाहिलं आहे. तिला घास तोंडापर्यंत नेता येत नव्हता. तेव्हा तुम्हीच तिला भरवत होतात, हे मी विसरले नाही.

ट्रक पेटीत ठेवला आहे. थंडी पडली आहे. तुमचा स्वेटर दिवाणाच्या खालच्या कप्प्यात राहिला, देवराव भाऊजींकडे पाठवते.

मनकर्णा


अमरावती, १६ डिसेंबर २०२४

खुशालराव!

बसून वाचा.

पेटी परत उघडली. आठवडाभर त्या पेल्याकडे बघून मला स्वतःचाच राग आला होता. थिएटरमध्ये एखाद्या पेशंटचं बीपी विचित्र आलं की आम्ही आधी मशीन तपासायचो, मग पेशंटला. मी थेट पेशंटलाच आजारी ठरवून मोकळी झाले होते.

आकांक्षाला बोलावलं. ट्रक व्हरांड्यात ठेवला, पुढची चाकं अगदी सरळ केली. रिमोटचा घोडा रबर बँडने बांधला आणि रिमोट स्टुलावर ठेवला. मी दोन्ही हात पाठीमागे धरून उभी राहिले. आकांक्षाला म्हटलं, "मले हात नाईत असं समज. आता पाह्य."

ट्रक निघाला. चार फरश्या सरळ गेला, मग डावीकडे झुकला, पुढची चाकं लटपटत होती, आणि तसाच जाऊन कुंडीला धडकला. परत ठेवला, परत कुंडी. माझा हात कुठेच नव्हता!

"काकू," आकांक्षा म्हणाली, "तुमी रडून काहून राहिल्या?"

रडत नव्हते. बरं, रडत होते.

मग टॉवेल अंथरला, ट्रे घेतला, ट्रक दोन जाड पुस्तकांवर टेकवला आणि पुढची चाकं हवेत ठेवून तपासणी सुरू केली. तुम्ही जेवताना सांगायचात ना, की डेपोत बस आली की आधी चाक हाताने धरून हलवायचं. वर-खाली हललं तर एक रोग, डावी-उजवीकडे हललं तर दुसरा. तेव्हा मला भाजी वाढायची घाई असायची, पण कान उघडे होते. डावं चाक धरून हलवलं. टक. वर-खालीही टक, बाजूलाही टक.

चाकाचा नट सैल होता, ते सोपं होतं. नट काढून चाक उतरवलं तर आत लोखंडी आसावर सहा कोनांचा तुकडा असतो, चाक त्यालाच घट्ट धरून बसतं. तो आसावर आत-बाहेर सरकत होता. मागे कागदाइतका पातळ वॉशर हवा होता, तो नव्हताच. मग बेअरिंग. करंगळीच्या नखाएवढं असतं हे. बोटावर फिरवून कानाशी धरलं तर आत रेती कुरकुरत होती. नितेशने कुठल्या तरी नाल्याच्या पाण्यातून ट्रक नेला असणार आणि तसाच पेटीत ठेवला. वाहतं पाणी दिसलं की त्या पोराला राहवत नाही, लहानपणापासून तसाच आहे.

नवीन बेअरिंग आणि वॉशर आकांक्षाने मागवले. चिमट्याने बसवले मी. सांगायचं ते हे की तो वॉशर चिमट्यात धरून आसावर सरकवताना माझा हात दगडासारखा स्थिर होता. आकांक्षा म्हणाली, "मायाच्या मशीनसारखं काम करून राहिल्या तुमी." माया तिची मैत्रीण, शिवणकाम करते.

एक चूक झाली ती पण सांगते, नाहीतर म्हणाल सगळं गुणगानच लिहिते. जोशात येऊन मी प्रत्येक स्क्रू आवळला. चाक ज्यावर डावं-उजवं वळतं, ते वरचे-खालचे स्क्रूही गच्च आवळले. तुमच्या भाषेत किंगपिन. मग चाकातला प्ले, म्हणजे तो ढिलेपणा, गेला, पण चाक वळेचना! परत सोडले, थोडेसेच आवळले, बोटाने ढकललं की चाक आपसूक फिरावं इतपत. आणि ते हलून पुन्हा सुटू नयेत म्हणून त्यावर निळं औषध लावलं, त्याने स्क्रू जागचा हलत नाही.

व्हरांड्यात परत सोडला. सरळ गेला, कुंडीच्या बाजूने, पार पायरीपर्यंत.

माझे हात चांगले आहेत, खुशालराव. हे तुम्हाला कळवण्यासाठी हे पत्र. बाकीचा मजकूर सगळा वरकड.

मनकर्णा


अमरावती, १४ जानेवारी २०२५

खुशालराव,

तिळगूळ देवराव भाऊजींबरोबर पाठवला आहे. गोड बोलायची सक्ती नाही.

मैनाबाईंचा फोन आला होता. म्हणाल्या, "वहिनी, दादा म्हणते का सपाट फरशीवर कोनाचीबी गाडी सरळ जाते, दगडावर चालवून दाखव म्हना." निरोप पोचला. निरोप आला म्हणजे पत्रं वाचली जातात, एवढंही कळलं.

आणि तुमचं म्हणणं बरोबर निघालं, याचा मला किती राग आला म्हणून सांगू. टेकडीवर गाडी सरळ चालली. पहिली दोन गेटं सुरेख काढली. पण जिथे पुढचं चाक दगडाच्या कुशीत अडकलं, तिथे मी रिमोटचं चाक पूर्ण फिरवलं तरी गाडी वळेना. सपाटीवर शहाणी, दगडावर हट्टी. पुन्हा गडगडली. या वेळी ललितने गाडी उचलून माझ्या हातात आणून दिली, आणि ते बोलण्यापेक्षा वाईट होतं.

पण आता मी घाबरले नाही. हातांची तपासणी झाली होती. म्हणजे गाडीतच अजून काही शिल्लक होतं.

घरी येऊन चाक बोटाने घट्ट धरून ठेवलं आणि आकांक्षाला रिमोट फिरवायला सांगितलं. पुढची चाकं वळवायला आत एक काडेपेटीएवढी मोटर असते, तिला सर्वो म्हणतात. मोटर फिरत होती. तिच्या माथ्यावरचा हात, म्हणजे चाकांना ओढणारी छोटी दांडी, तोही फिरत होता. पण चाक जागचं हलत नव्हतं. मग हा जोर जातो कुठे? चष्मा लावून बघितलं. त्या हातामध्ये एक स्प्रिंग होती. धक्का बसला तर मोटरचे दाते तुटू नयेत म्हणून ती दबते. जोरात पळणाऱ्या गाडीला ती हवीच. पण दगड चढणाऱ्या गाडीत चाक अडलं की मोटरचा सगळा जोर ती स्प्रिंगच गिळून टाकते.

स्प्रिंगवाला हात काढला, अ‍ॅल्युमिनियमचा सरळसोट हात मागवला. तो बसवताना आधी रिमोट चालू करून मोटर मधोमध आणायची आणि मगच हात सरळ बसवायचा, नाहीतर गाडी एका बाजूला जास्त वळते आणि दुसऱ्या बाजूला कमी. आणखी एक सापडलं. सर्वो ज्या पट्टीवर बसते ती पट्टीच जोर आला की वाकत होती, स्क्रूच्या भोकापाशी तडकलेली. नवीन घातली. दोन्ही चाकांना जोडणारा जो दांडा, त्याच्या टोकाची गोळीही झिजली होती, तीही बदलली.

मग चाक परत बोटाने धरलं आणि म्हटलं, "फिरव." सर्वो घरघरली आणि चाकाने माझं बोट बाजूला सारलं. दुखलं. इतकं बरं वाटलं ते दुखणं!

९ फेब्रुवारीला अकोल्यात स्पर्धा आहे, बार्शीटाकळीच्या रस्त्याला जुन्या खदानीत. नाव दिलं आहे. ललित म्हणाला, "काकू, ज्येष्ठांसाठी वेगळा गट ठेवू का?" म्हटलं, "ठेव, पण त्यात मी नाई."

अजून एक. ड्रायव्हिंग स्कूलमध्येही नाव घातलं आहे. खऱ्या कारच्या. सकाळी सातची बॅच. शिकवणाऱ्या मुलीचं नाव प्राजक्ता. पहिल्याच दिवशी म्हणाली, "काकू, स्टेअरिंग लय शांत धरता तुमी."

मनकर्णा


अमरावती, ११ फेब्रुवारी २०२५

प्रिय खुशालराव,

काल सकाळी फोन वाजला. नंबर तुमचा होता. मी उचलला. तुम्ही नाव घेतलं नाही, कशी आहेस विचारलं नाही, पेपरमध्ये फोटो आला त्याबद्दलही बोलला नाहीत. मैनाबाईंनी नंतर सांगितलं की चहाच्या टपरीवर लोकांनी तो पेपर तुमच्यापुढे धरला, "ड्रायव्हर साहेब, वहिनी पहिल्या आल्या" म्हणून, आणि तुम्ही तो घडी करून खिशात घातला.

फोनवर तुम्ही एवढंच विचारलं, "शेवटचा दगड कोन्या बाजूनं काढला?"

तुम्ही विचारलंत ते एका ड्रायव्हरने दुसऱ्याला विचारावं तसं. मी "पत्रात लिहिते" म्हणाले आणि फोन ठेवून दिला. तर ऐका.

खदान मोठी होती. काळा दगड, कडा धारदार, उन्हाने तापलेला. नागपूर, यवतमाळ, वरूडकडूनही पोरं आली होती. देवराव भाऊजी सगळं घर घेऊन आले होते, छत्री, डबे, पाण्याचा जार. मी पाळी येण्याआधी गाडी मांडीवर घेतली आणि चारही चाकं हलवून पाहिली. टक नाही. पुढची चाकं पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे. दोन्हीकडे सारखी. ट्रे झाकला आणि उठले.

पहिल्या फेरीत खांब एकही पडला नाही. दुसऱ्या फेरीत एक हलला, पडला नाही. दुपारी यादी वाचली तेव्हा शेवटच्या फेरीत दोनच नावं होती, ललितचं आणि माझं. भाऊजी ओरडले, "वहिनी, खाऊन घ्या आधी!" मी घोटभर पाणी प्यायले, बस.

शेवटचा दगड असा होता. छातीएवढा उंच, समोरून भिंतीसारखा. डावीकडे गुळगुळीत उतरण, दिसायला सोपी. उजवीकडे एक भेग, वरपर्यंत गेलेली, पण माथ्याला लागताना वाकडी. वाकडी जिथे होते तिथेच, माथ्याच्या कडेला, गेट; डावीकडून चढणाऱ्याला वर वळूनच त्यात शिरावं लागतं. दिवसभर सगळे डावीकडूनच चढले होते. जे चढले त्यांचे खांब वर पडले, कारण उतरणीच्या माथ्यावर गाडीला वळायला जागाच उरत नाही.

ललित आधी गेला. डावीकडून घेतली. छान चढवली, पोराचा हात खरंच गोड आहे. वर पोचल्यावर वळवायला गेला आणि मागचं चाक घसरलं. गाडी कुशीवर झाली, खांब पाडत खाली आली.

माझी पाळी. मी दगडाभोवती एक चक्कर मारली. कोणीतरी म्हणालं, "काकू, लेफ्ट." आकांक्षा म्हणाली, "गप रे."

मी उजवीकडून घेतली, खुशालराव.

पुढचं उजवं चाक भेगेत घातलं. गाडी उभी झाली, जवळजवळ आकाशाकडे तोंड करून. तशीच चढत गेली. भेग वाकडी होते तिथे चाक दगडात गच्च अडकलं आणि गाडी थांबली. महिन्याभरापूर्वी इथेच स्प्रिंग दबली असती आणि गाडी खाली आली असती. मी घोडा तसाच धरून ठेवला, जरा कमीही केला नाही, आणि रिमोटचं चाक हळूहळू डावीकडे फिरवायला लागले. सर्वो घरघरत होती, ऐकू येत होती. आणि मग त्या अडकलेल्या चाकाने दगडाला ढकललं. केसाएवढं. मग बोटभर. गाडीचं तोंड वळलं. दोन्ही खांबांमधून ती अशी गेली जशी सुईतून दोरा. खांब हललेसुद्धा नाहीत. माथ्यावर जाऊन उभी राहिली.

मी रिमोट खाली ठेवला, मग आवाज ऐकू आला. भाऊजींची छत्री हवेत होती. आकांक्षाने मला उचलायचा प्रयत्न केला, जमलं नाही, दोघी खाली बसलो. ललित आला, माझ्यासमोर उकिडवा बसला. म्हणाला, "काकू, मी गाडी पाह्यतच नव्हतो. तुमच्या हाताकडे पाहून राहिलो होतो. मले माफ करा." म्हटलं, "माफ कशाले? तुह्या गाडीचं पुढचं डावं चाक हलून राहिलं, ते घेऊन ये रविवारी." तो हसला. खोटं वाटलं त्याला. हलवून पाहिलं तर टक वाजलं.

बक्षीस स्टीलची ढाल आहे. टीव्हीवर ठेवली आहे. तुमच्या बिनअपघात सेवेच्या प्रमाणपत्राच्या शेजारी, खाली नाही.

निघताना भाऊजींनी कारची किल्ली माझ्या हातात ठेवली. "वहिनी, गाडी तुमची आहे, मले काहून देली दादानं?" मी किल्ली परत त्यांच्या हातात दिली आणि म्हटलं, परवाना मिळाला की येते न्यायला. परीक्षा मार्चमध्ये आहे. गाडी घरी आणली तर स्वतः चालवत आणेन, कोणी आणून सोडलेली नको.

तुम्ही फोन केलात, बरं वाटलं. हरभरा निघाला की या. घर तुमचंच आहे, भांडण संपलेलं नाही, पण ते इथे बसून करता येईल. रविवारी सकाळी आम्ही टेकडीवर जमतो. ग्रुपमधल्या निम्म्या गाड्यांच्या पुढच्या चाकांत प्ले आहे, आणि ती सगळी पोरं आता मला दाखवायला आणतात. किंगपिन किती आवळायचा यावर माझं आणि आकांक्षाचं जमत नाही. ती म्हणते थोडा अजून, मी म्हणते पुरे. तुम्ही बस चालवली आहे, तुमचं मत हवं आहे.

घडीची खुर्ची तिथे असते. तुम्ही बसा. मी उभी राहून चालवते.

तुमची
मनकर्णा